रांजण भरेपर्यंत

"तपासणीत तुझ्या हातात काई निघालं ना बे बज्या, तर मारुतीच्या पाराचा रांजण मी भरीन," अंगद म्हणला. "लुगडं नेसून. डोक्यावर घागर घेऊन. हापशापासून पारापर्यंत, रांजण भरेपर्यंत."

"आन न्हाई निघालं तर?"

"तर तू भरायचा."

"मंजूर," मी म्हणलो.

सुग्रीव तात्या बाकड्यावर बसून बशीत चहा ओतत व्हते. त्यांनी मान वर केली. "लुगडं कोणाचं?"

"ज्यानं त्यानं आपापल्या बायकोचं आणायचं."

अख्खं हॉटेल हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. माणूस आपल्याच दुखण्यावर पैज लावतो आन वरून मनातल्या मनात मारुतीला म्हणतो, निघू दे रे बाबा काईतरी. असला येडा बीड जिल्ह्यात मी एकलाच असंल.

माझी टमटम हाय. गावातून बीड, बीडहून गाव, आन यात्रा असली की कपिलधार. अंगदचं हॉटेल माझ्या भिंतीला लागून, म्हणून शेजारी बी तोच, दोस्त बी तोच आन दुश्मन बी तोच. गावात कोणाची बी फजिती झाली की लोक आधी माझ्या दाराकडं बघतात. सुग्रीव तात्याच्या मोबाईलला मी त्यांच्या बायकोच्या हाकेची रिंगटोन लावून दिलती, तवा कोणी बी फोन केला की तात्या चहा टाकून घराकडं पळायचे. आन कपिलधारच्या उतारावर ते वळण आलं की मी हँडल हलवून बोंब मारायचो, "ब्रेक गेला!" मागं बसलेल्या बाया अशा अशा देवांची नावं घ्यायच्या की मला बी ते देव नवीन कळायचे. मंग मी मागं बघून दात काढायचो. बाया मला पदरानं बडवायच्या आन पुढच्या टायमाला माझ्याच गाडीत बसायच्या.

तर अशा माणसाचा हात जायला लागला.

सुरुवात क्लचपासून झाली. टमटमचा क्लच डाव्या हातात असतो आन गेर बी त्याच मुठीत. बीडला स्टँडसमोर गर्दीत क्लच दाबला आन हात सुटला. दुखलं न्हाई, मुंग्या आल्या न्हाईत, काई न्हाई. खाली बघितलं तर हात माझ्या मांडीवर पडलेला. जसा कोणी पाशिंजर आपला हात माझ्यापशी ठेवून उतरून गेला. गाडी बंद पडली, मागून हॉर्न, शिव्या. मी उजव्या हातानं तो हात उचलून मुठीवर ठेवला, तरी बोटं मिटंनात. जरा येळानं, जणू काई झालंच न्हाई, तसा तो परत माझा झाला.

त्याच्यानंतर कधी हात, कधी डावा पाय, कधी जीभ. आठवडा आठवडा काईच न्हाई, की मला बी वाटायचं भास व्हता. आन मंग भाकरी मोडता मोडता भाकरी हातातच राहायची आन बोटं ऐकायची न्हाईत.

लोकांसमोर झालं की मी त्याची खोडी करायचो. हॉटेलात कप हातातून पडला, मी कपाकडं बघून हात जोडले, "अंगद, तुझ्या चहाला बघून कपानं जीव दिला रे." लोक लोळले. पाय घासत चालायला लागलो तर छाती पुढं काढली आन म्हणलो, "अमरसिंहदादा मतं मागायला आलेत, उठा, उभे राहा." आमचा पुढारी खरंच तसा चालतो. लई हसले. जीभ जड झाली तवा दारू प्यायल्याचं सोंग केलं, ते बी खपलं. लोक हसत असले की निरखून बघत न्हाईत, हे मला माझ्या खोड्यांनी शिकवलेलं. त्याचाच आडोसा केला. पण ते दर टायमाला नवीन जागी यायचं आन मला दर टायमाला नवीन सोंग शोधावं लागायचं. हळूहळू ते जास्त यायला लागलं आन माझ्याकडची सोंगं कमी पडायला लागली.

शेवटी हॉटेलात खरं सांगितलं, तर अंगदला ती बी खोडीच वाटली आन ती पैज लागली. रक्त तपासलं. नॉर्मल.

"आण लुगडं!" अंगद काउंटरवर हात आपटून नाचला.

"रक्तात कुठं दिसतंय बे? मशीनमधी बघू दे."

मंग डोक्याची, मानेची मशीन. त्या बोगद्यात मला सरकवलं आन वर हातोडे बडवल्यासारखा आवाज सुरू झाला. आत पडल्या पडल्या मी एकच मागत व्हतो. गाठ निघू दे. बारीक असू दे, पण तिला नाव असू दे. नाव असलं की माणूस त्याला शिव्या तरी देतो.

डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला. "एकदम नॉर्मल आहे. छान आहे सगळं."

"मंग साहेब, हात जातो कुठं?"

"ताणतणाव असेल. झोप घेता का व्यवस्थित?"

"घेतो. गाडी चालवू का मी?"

"का नाही? रिपोर्ट नॉर्मल आहे तुमचा." आन त्यांनी घंटी वाजवली. दारात पुढचा पेशंट उभाच व्हता.

संभाजीनगरला जाऊन नसांची तपासणी केली, सुया टोचून करतात ती. त्या दिवशी हात इतका गुणी, इतका शहाणा, की त्या मशीनवाल्या पोरीनं मलाच विचारलं, "काका, नेमका कशाला आलात?" मला त्या हाताच्या कानफटात मारावी वाटली. गावात शिरंपर्यंत ठीक व्हता, आन घरासमोर टमटम लावताना गेला. मला वाटलं, आत जे कोणी बसलंय ते माझ्यापेक्षा मोठं खोडकर हाय. बघायला लोक आले की लपतं.

माझी बायको सत्यशीला. तिनं ते फोटो कपाटावर नीट ठेवले आन देवापुढं नारळ फोडला. आनंदानं तिचं तोंड असं उजळलं व्हतं की मी गप राहिलो. तरी बी तिच्या मनात काई तरी सलत असणार, कारण मंगळवारी तीच मला सटवाकडं घेऊन गेली. सटवा मेंढरं राखतो आन ज्वारीचे दाणे टाकून बघतो. त्यानं दाणे टाकले, मोजले, परत टाकले. मंग भंडारा कपाळाला लावून म्हणला, "न्हाई वैनी. बाहेरचं काई न्हाई. करणी न्हाई, देवाचं न्हाई, मागचं न्हाई. साफ हाय."

त्याचा बी रिपोर्ट नॉर्मल.

येताना सत्यशीला म्हणली, "आता तरी हे नाटक बंद करा."

"नाटक न्हाई गं."

"काई असतं तर दिसलं नसतं का? इतक्या जणांनी बघितलं." तिचा आवाज रागाचा न्हाई, विनवणीचा व्हता. 'नाटक हाय म्हणा' अशी ती मला विनवत व्हती. म्हणून मी डोळा मारला. तिनं सुस्कारा टाकला आन पदर सारखा केला.

कार्तिकात एका सोमवारी वच्छलामावशी, म्हणजे अंगदची आई, आन आळीतल्या बाया घेऊन कपिलधारला चाललतो. उतार लागला. वळणाच्या आधी मी गेर उतरवायला क्लच दाबला, गाडी न्यूट्रलला आली आन हात मांडीवर पडला.

उतारावर न्यूट्रलची टमटम म्हणजे सुटलेलं वासरू. मी पायानं ब्रेक दाबला, पण भरलेली गाडी थांबंना, आन उजव्या हातानं हँडल ओढत व्हतो, ते वळंना. मी ओरडायला गेलो, जीभ टाळूला चिकटली. नुसता घुर्र असा आवाज निघाला. मागून बाया हसायला लागल्या. "आला, ह्याचा ब्रेक गेला! वळण आलं की ह्याचा ब्रेक जातोच!" एकीनं तर टाळ्या वाजवल्या. रस्त्याच्या कडंला मुरमाचा ढीग टाकलेला व्हता, त्यात गाडीचं पुढचं चाक घुसलं आन आमी थांबलो.

ढिगाच्या पलीकडं झाडं दिसत व्हती. नुसते शेंडे. बुंधे लई खाली व्हते.

मावशीनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, आज तर लईच खरं केलंस!"

मी मागं बघून दात काढले. सवयीनं निघाले. डावा हात मी उजव्या हातानं मांडीवर दाबून धरला व्हता, तो कोणाला दिसला न्हाई.

त्या दिवशी पहिल्या गेरात घरी आलो आन दोन दिवसांनी अंगदला बाजूला घेतलं. "यात्रेला मी गाडी काढणार न्हाई."

"कावून?"

"हात जातो रे. परवा वळणावर गेला. तुझी आई व्हती गाडीत."

"आई सांगत व्हती की. लई हसली म्हणं." अंगद माझ्याकडं बारीक डोळे करून बघायला लागला. "पैज हरला म्हणून फुगला व्हय बे?"

"पैजेला मार गोळी. दुसरा कोणी बघ."

"दुसरा कोण? युवराज कारखान्यावर, बद्रीनाथ कारखान्यावर. ऊसतोडीला निम्मं गाव गेलंय, ड्रायव्हर इथं कोण राहिलाय तुझ्याबिगर? आईचा नवस हाय. माझी नंदिनी यायची म्हणती, तिच्या मैत्रिणी यायच्या म्हणत्यात. आन तू मला हात दाखवतो. रिपोर्ट दाखव की!"

"अंगद, आईची शपथ."

"तुझी आई वारली तवापासून तू तिच्या शपथा खातो बे," तो म्हणला आन हसत गिऱ्हाईकाकडं गेला. ते खरंच व्हतं. मी लई खाल्लेल्या.

यात्रेच्या दिवशी उठलो तर टमटमला हार घातलेला. कोणी घातला काय माहीत. बाया बसल्या बी व्हत्या. पुढं माझ्या शेजारी वच्छलामावशी मांडीवर नारळ घेऊन, मागं कोंबून कोंबून बाया, आन सगळ्यात मागं पाय बाहेर सोडून अंगदची पोरगी राजनंदिनी आन तिच्या मैत्रिणी, बीडला क्लासला जाणाऱ्या पोरी. सगळ्यांनी नवीन कपडे घातलेले. एक पोरगी गाणं म्हणत व्हती. किल्ली माझ्या खिशात व्हती आन खिसा डाव्या बाजूचा व्हता. मी हात घातला. बोटांना किल्ली लागली, पण धरता आली न्हाई.

"चल बज्या, ऊन चढायच्या आत," अंगद म्हणला.

मी न्हाई म्हणलो असतो तर कोणी ऐकलं नसतं. किल्ली हरवली म्हणलो असतो तर खिसे तपासले असते. पळालो असतो तर हसत हसत धरून आणलं असतं. पण एक गोष्ट ह्या गावात कोणी अडवत न्हाई.

"आधी पैज फेडतो," मी म्हणलो.

"अबे, आल्यावर फेड."

"न्हाई. हरलेल्या माणसाचं तोंड घेऊन देवाकडं जायचं न्हाई. आत्ताच. तात्या, काय म्हणता?"

सुग्रीव तात्या काठी टेकत उठलेच व्हते. "बराबर हाय. पैज म्हणजे पैज." टमटममधल्या पोरींनी शिट्ट्या मारल्या आन मोबाईल काढले. मी घरात गेलो, पेटीतून सत्यशीलाचं लग्नातलं हिरवं नऊवारी काढलं आन प्यांटीवरूनच गुंडाळलं. किल्ली कमरेच्या गाठीत बांधून टाकली.

सत्यशीला दारात उभी. "आवो, इज्जत हाय का न्हाई जरा?"

"रांजण भरस्तोवर न्हाई."

मारुतीच्या पाराचा रांजण म्हणजे दगडी. त्यात एक माणूस उकिडवा बसंल. हापशापासून पारापर्यंतचा रस्ता माणसांनी भरला. पहिली घागर मी उजव्या हातानं धरली, कंबर हलवत नेली, रांजणात ओतली. शिट्ट्या, टाळ्या. अंगद पोट धरून हसत व्हता. "वैनी, सवत चांगली आणली!" कोणी तरी ओरडलं.

दुसऱ्या घागरीला मी उजवा हात खाली घेतला आन डावा वर धरला. पारापर्यंत जाऊ दिलं न्हाई त्यानं. घागर खणखणत रस्त्यावर गेली, पाणी तात्याच्या धोतरावर. काय हसले लोक! मी बी परत हापशावर गेलो, घागर भरली, डावा हात लावला. पडली. परत भरली. पडली. आता मी कंबर हलवत नव्हतो. तोंडानं काई बोलत नव्हतो. नुसता भरायचो, उचलायचो, चालायचो, आन कुठं तरी मधी हात सुटायचा.

"बास बे," अंगद म्हणला. "फिटली पैज. बाया खोळंबल्यात."

"रांजण भरेपर्यंत. तुझाच शब्द."

"तू भरतोस कुठं, सांडतोस नुसता!"

"म्हणून तर येळ लागतोय."

तात्या धोतर पिळता पिळता म्हणले, "शब्द हाय अंगद. सगळ्यांदेखत दिलाय."

ऊन चढलं. एकेकानं मोबाईल खिशात टाकला. आधी हसणं थांबलं, मंग कुजबुज सुरू झाली, मंग ती बी थांबली. नुसता हापशाचा दांडा कुरकुरायचा आन घागर पडायची. ओल्या लुगड्यात पाय अडकायला लागले. डावा पाय बी आता घासत व्हता, आन अमरसिंहदादाची नक्कल करायची ताकद मला राहिली न्हाई.

वच्छलामावशी टमटममधून उतरली. नारळ कडंवर घेऊन ती हळूहळू माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तिनं माझा डावा हात उचलला आन सोडून दिला. तो पडला. तिनं परत उचलला आन दंडाला असा चिमटा काढला की पोरगं असतं तर किंचाळलं असतं. मी तिच्याकडं बघत राहिलो.

"बजरंगा," ती म्हणली. "दात काढ की रे."

"निघत न्हाईत मावशी."

तिच्या तोंडावर काई तरी बदलत गेलेलं मला दिसलं. वळण, मुरमाचा ढीग, ते शेंडे, सगळं तिच्या डोळ्यांत एकामागं एक आलं. तिचा हात नारळावर घट्ट झाला.

"त्या दिवशी वळणावर..." ती बारीक आवाजात म्हणली.

"व्हय."

"आमी हसत व्हतो."

"व्हय मावशी."

ती वळली आन टमटमकडं बघून असा आवाज काढला, जसा मी तिचा कधी ऐकला नव्हता. "उतरा गं! सगळ्या खाली उतरा! नंदे, आधी तू उतर!"

"आई, काय लावलंय!" अंगद मधी आला. "त्याचा रिपोर्ट नॉर्मल हाय. सगळे नॉर्मल हायत. मी वाचलेत."

"मंग त्या रिपोर्टला म्हण गाडी चालव," मावशी म्हणली. "तुझी पोरगी त्याच्या मागं बसव."

अंगद माझ्याकडं बघायला लागला. जलमभर तो माझ्या तोंडाकडं बघून ओळखायचा, की आता हसू फुटणार हाय. तो वाट बघत राहिला. मागं टमटम एका बाजूला कलली, परत सरळ झाली, बाया उतरत व्हत्या. राजनंदिनी उतरली आन गाडीपासून जरा लांब जाऊन उभी राहिली.

"बज्या," अंगद म्हणला. "बे, काय हाय तुला?"

"मला काय माहीत? तूच म्हणला काई न्हाई."

त्यानं घागर माझ्या हातातून घ्यायला हात पुढं केला. मी दिली न्हाई. एकदा थांबलो तर घरी जाऊन बसावं लागंल, आन घरी बसल्यावर मला करायला काई न्हाई. डॉक्टर न्हाई, सटवा न्हाई, सोंग न्हाई.

हापशावर आलो तर दांड्याला सत्यशीला उभी. कवा आली काय माहीत. माझ्याकडं न बघता ती दांडा मारत व्हती, आन पाणी काठावरून वाहून चाललं तरी मारतच राहिली. मंग तिनं घागर उचलून माझ्या डोक्यावर ठेवली आन चुंबळ नीट केली. तिचे हात थंडगार व्हते.

"धरली का?" तिनं विचारलं.

मी उजवा हात वर नेला. गार पितळ लागलं. अंगठा लागला, पहिलं बोट लागलं, मधलं लागलं. बाकीची दोन बोटं घागरीवर व्हती की न्हाई, मला कळलं न्हाई.

"धरली," मी म्हणलो.

लोकांनी दोन्ही बाजूंनी रस्ता सोडला. कोणी शिट्टी मारली न्हाई. रांजण अजून अर्धा बी झाला नव्हता. मी निघालो.